शिडाची छोटी बोट हंगामभर चालवताय? या चुका टाळा

बिघडण्याआधी शिडाची बोट सांगत असते. एक्झॉस्टमधून पडणारी पाण्याची धार बारीक होते. डोलकाठीच्या तारेचा एक पदर सुटतो, बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, नेहमीपेक्षा दोन-चार वाट्या पाणी जास्त दिसतं, सुकाणू हाताला जड लागतं. आपण ते पाहतो, ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतो आणि निघतो. पंचवीस-तीस फुटी बोटींवरच्या ज्या अडचणी मी स्वतः सोसल्या किंवा जवळून पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकींच्या मुळाशी हा ‘पुढचा आठवडा’ होता.

बोट पाण्यात उतरवण्याची घाई

तळाला अँटिफाउलिंग (शेवाळ-शिंपले धरू न देणारा) रंग लागला आणि बाजू चकाकल्या की बोट तयार झाली असं वाटतं. पाहायचं ते मात्र आतल्या फळ्यांखाली असतं. तळाला जिथे जिथे भोक आहे, म्हणजे इंजिनाच्या पाण्यासाठी, संडासासाठी, बेसिनसाठी, तिथे सीकॉक, म्हणजे ते भोक बंद करणारी तोटी असते. हा सीकॉक वर्षभर उघडाच ठेवला तर क्षार साचून जाम होतो आणि पाइप सुटेल त्या दिवशी नेमका फिरत नाही. पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवर दीड इंची भोक उघडं पडलं, तर मिनिटाला शंभर लिटरहून बरंच जास्त पाणी आत येतं. बिल्ज पंपाच्या खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. तो आकडा सहसा पाणी उंच न चढवता मोजलेला असतो. पाइपच्या वळणांतून मीटरभर वर चढवताना तोच पंप बराच कमी पाणी फेकतो.

म्हणून प्रत्येक सीकॉक महिन्यातून एकदा तरी उघड-बंद करा. जागा असेल तिथे पाइपवर दोन क्लिपा लावा आणि त्या मापाचं लाकडी बूच दोरीने शेजारीच बांधून ठेवा. अंधारात, गुडघाभर पाण्यात कपाटं उचकायची वेळ येऊ नये. पितळी फिटिंग खरवडल्यावर आत गुलाबीसर रंग दिसला, तर त्यातलं जस्त निघून गेलं आहे आणि उरलेला धातू ठिसूळ झाला आहे. ते फिटिंग बदलायचंच.

ॲनोड म्हणजे बोटीच्या इतर धातूंऐवजी स्वतः झिजण्यासाठी लावलेला धातूचा तुकडा. त्याबाबत हमखास होणारी चूक म्हणजे त्यावर रंग फासणं. रंगाखालचा ॲनोड काहीच काम करत नाही. तो अर्धा झिजला की बदलावा. खाऱ्या पाण्यात जस्ताचा, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा आणि मचूळ पाण्यात ॲल्युमिनियमचा ॲनोड घ्यावा. हंगामभर पाण्यात राहूनही ॲनोड नव्यासारखा दिसत असेल तर काळजी करा. त्याचा धातूशी असलेला विजेचा संपर्क तुटला असण्याची शक्यता जास्त, आणि मग झिजतोय तो तुमचा शाफ्ट किंवा प्रोपेलर.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा स्टेनलेस स्टीलच्या असतात, म्हणून त्यांना गंज लागणार नाही असं समजू नका. स्टेनलेसला हवेतला ऑक्सिजन मिळत राहावा लागतो. ओलसर, बंद फटीत तो मिळाला नाही की ते आतून चिरत जातं. त्यामुळे तारेचं टोक जिथे फिटिंगमध्ये शिरतं आणि डोलकाठीचा ताण पेलणारी पट्टी जिथे डेकमधून खाली जाते, त्या दोन जागा नीट पाहा. तारेवरून कापसाचा बोळा फिरवा, तुटलेला पदर असेल तिथे कापूस अडकेल. उघडा हात फिरवू नका. एक पदर तुटलेला सापडला तरी ती तार बदलेपर्यंत बाहेर पडू नये, हे माझं ठाम मत आहे. तारा वरून धडधाकट दिसल्या तरी दहा-पंधरा वर्षांनी बदलाव्यात असं सर्वसाधारणपणे मानलं जातं.

इंजिन: पाण्याची धार पाहायला विसरू नका

इंजिन सुरू झालं की आधी मागे वाकून एक्झॉस्ट पाहायचा. पाणी उसळत येत नसेल तर लगेच बंद. थंड करणारं पाणी ओढणारा इंपेलर रबराचा असतो आणि पाणी हेच त्याचं वंगण आहे. सीकॉक उघडायला विसरून इंजिन चालवलं तर थोड्याच वेळात त्याच्या पाकळ्या जळतात, तुटतात.

इथेच दुसरी चूक होते. इंपेलर बदलला, पाणी आलं आणि काम झालं असं आपण समजतो. तुटलेल्या पाकळ्या मात्र पाण्याबरोबर पुढे जाऊन हीट एक्स्चेंजरच्या (इंजिनाची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकतात. माझ्या इंजिनाने नवा इंपेलर बसवल्यानंतर दोन आठवड्यांनी पुन्हा तापून ओरड केली, तेव्हा रबराचे तीन तुकडे तिथून निघाले. तेव्हापासून जुन्या इंपेलरच्या पाकळ्या मोजतो आणि हरवलेला प्रत्येक तुकडा सापडेपर्यंत झाकण लावत नाही.

तिसरी चूक कमी जणांना माहीत असते, पण तीच सगळ्यांत महाग पडते. इंजिन पकडत नाही म्हणून आपण स्टार्टर पुन्हा पुन्हा मारत राहतो. प्रत्येक वेळी पंप एक्झॉस्टच्या डब्यात पाणी टाकतो, पण इंजिन चालत नसल्यामुळे ते बाहेर ढकलायला धूर नसतो. पाणी साचत साचत उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन-तीन प्रयत्नांत इंजिन पकडलं नाही, तर पाण्याचा सीकॉक बंद करूनच पुढचे प्रयत्न करा. सुरू होताक्षणी तो उघडा. मी तेवढ्यापुरती सीकॉकची आठवण करून देणारी चिठ्ठी किल्लीला बांधतो.

इंजिन शांत पाण्यात उत्तम चालतं आणि लाटा उठल्या की बंद पडतं? मग दोष बहुधा टाकीच्या तळाशी आहे. डिझेलखाली साचलेल्या पाण्याच्या काठावर सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा काळा गाळ होतो. बोट हिंदकळली की तो वर येतो आणि फिल्टर तुंबतो. म्हणजे इंजिन दगा देतं ते नेमकं सगळ्यांत जास्त गरज असताना. फिल्टरच्या तळाच्या वाटीतलं पाणी नियमित काढा, दोन जादा फिल्टर जवळ ठेवा आणि फिल्टर बदलून लाइनमधली हवा काढण्याचा सराव धक्क्याला बांधलेल्या बोटीवर करा.

उशिरा घेतलेला रिफ

शीड आखूड करायला, म्हणजेच रिफ घ्यायला, उशीर करणं ही शिडाच्या बोटीवरची सर्वांत सामान्य चूक आहे. वारा मागून असताना तर ती हटकून होते. समजा वारा १८ नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आहे आणि बोट त्याच्याच दिशेने ६ नॉटने चालली आहे. अंगाला वारा लागतो फक्त १२ नॉटचा. ऊन छान, बोट सरळ, सगळे खुशीत. आता काही कारणाने वळून वाऱ्याच्या तोंडाला लागायची वेळ आली, की अंगावरचा वारा २२ नॉटच्या आसपास जातो. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तेवढ्याच शिडावर तिपटीहून जास्त दाब. मागून वारा घेऊन चालताना अधूनमधून स्वतःला विचारा: आत्ता वळावं लागलं तर एवढं शीड झेपेल का?

उशीर झाल्याची खूण सुकाणूवर कळते. बोट सारखी वाऱ्याकडे तोंड वळवू पाहते आणि तिला आवरायला सुकाणू जास्त जास्त तिरकं धरावं लागतं. तिरकं धरलेलं सुकाणू म्हणजे पाण्यातला ब्रेक. वीस-पंचवीस अंशांहून जास्त कललेली बोट वेगवान वाटते, पण रिफ घेतल्यावर बहुतेकदा वेग तोच राहतो किंवा वाढतो, आणि बोटीवरच्या माणसांचे चेहरेही सैल होतात.

रिफ घेताना मेनसेलची (मुख्य शिडाची) मागची कड बाहेर आणि खाली दोन्हीकडे घट्ट ओढली जायला हवी. सैल राहिली तर शिडाला पोट सुटतं आणि रिफचा उपयोगच जातो. मधल्या भोकांतल्या दोऱ्या फक्त लोंबणारं कापड गुंडाळून ठेवण्यासाठी असतात. त्या करकचून बांधल्या तर सगळा ताण त्यांच्यावर येऊन शीड ओळीने फाटतं. रिफ सोडताना आधी याच दोऱ्या सोडायच्या. घाईत क्रम चुकला की शिडाचं काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे.

मागून वारा असताना बूम, म्हणजे मुख्य शिडाखालचा आडवा दांडा, अचानक एका बाजूकडून दुसरीकडे फेकली जाते, तिच्यात डोकं फोडण्याइतकी ताकद असते. बूमच्या टोकापासून पुढे नाळेकडे (बोटीच्या पुढच्या टोकाकडे) जाणारा आणि तिथून कॉकपिटमध्ये (सुकाणूपाशी बसायच्या जागेत) परत आणलेला एक दोर लावून तिला धरून ठेवा.

गुंडाळलं जाणारं जिब (पुढचं शीड) फिरत नसेल तर दोर विंचवर (दोर ओढायच्या रहाटावर) घेऊन ताकद लावू नका. आधी दुर्बिणीने वर पाहा. बऱ्याचदा हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) पुढच्या तारेभोवती गुंडाळलेलं असतं, आणि विंचच्या जोराने ती तारच तुटू शकते. विंच उलटं फिरू न देणाऱ्या आतल्या छोट्या खटक्यांना ग्रीस नको, हलकं तेल हवं. ग्रीसने ते चिकटतात आणि हँडल उलटं फिरून मनगटावर बसतं.

नांगराचं गणित

खोली मीटरवर ३ मीटर दिसली, खोलीच्या पाच पट साखळी म्हणजे १५ मीटर सोडली आणि झोपलो. पण भरतीने आणखी २ मीटर पाणी चढणार आहे आणि नाळ पाण्यापासून १ मीटर उंच आहे. खरी उंची ६ मीटर, तेव्हा साखळी ३० मीटर हवी. तुमची १५ मीटर भरतीच्या वेळी जेमतेम अडीच पट ठरते. साखळीऐवजी मुख्यतः दोर असेल तर सात पट धरा.

नांगर टाकून साखळीचा ढीग त्याच्यावरच ओतू नका. बोट मागे सरकत असताना ती हळूहळू सोडा, मग इंजिन रिव्हर्समध्ये घेऊन जोर हळूहळू वाढवा. साखळीवर हात ठेवा: ती थरथरत असेल तर नांगर तळावरून घसरतोय. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून पाहा. खुणा एकमेकींपासून सरकल्या तर नांगर उचलून पुन्हा टाका, कितीही दमला असलात तरी. त्या वेळचा आळस मध्यरात्री पावसात, टॉर्चच्या उजेडात फेडावा लागतो.

बॅटरी, गॅस आणि शिडी

लेड-ॲसिड बॅटरी काही तास निवांत ठेवून मोजली असता १२.७ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. त्याखाली वारंवार नेली तर ती लवकर मरते. चार्जर काढल्या काढल्या दिसणारा आकडा फसवा असतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर बिल्जमध्ये उतरून साचतो आणि वरची खिडकी उघडून जात नाही, म्हणून वापर झाला की सिलिंडरपाशीच बंद करा. मागची शिडी पाण्यात पडलेल्या माणसाला खालून ओढून उघडता येते का, हे पोहायला उतराल तेव्हा करून पाहा.

शाकारताना

इंजिन ऑइल हंगामाच्या शेवटी बदला, पुढच्या सुरुवातीला नव्हे. वापरलेल्या तेलातली आम्लं आणि ओलावा महिनोन्‌महिने बेअरिंगवर बसून राहतात. इंपेलर काढून ठेवा, नाहीतर पाकळ्या वाकलेल्या आकारातच आखडतात. डिझेलची टाकी रिकामी ठेवण्यापेक्षा भरून ठेवा, म्हणजे आतल्या हवेतला ओलावा पाणी होऊन तळाशी जाणार नाही. शिडं गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. उन्हाने कापडाच्या आधी शिवण कुजते, तेव्हा प्रत्येक शिवण नखाने खरवडून पाहा. दोरा सुटत असेल तर आत्ताच शिवायला द्या. हंगाम तोंडावर आल्यावर शिडं शिवणाऱ्याकडे रांग असते.

आणि बोटीवर आच्छादन घातलं तरी कॉकपिटची पाणी जायची भोकं महिन्यातून एकदा जाऊन पाहा. चार पानं अडकली की पावसाचं पाणी कॉकपिटमध्ये साचतं, उंबऱ्यावरून आत उतरतं आणि बॅटऱ्यांपर्यंत पोहोचतं.