कुऱ्हाडीला कानस, सुरीला दगड

ट्यूबलाइटखाली उभे राहा आणि पातं असं धरा की धार थेट डोळ्यांकडे यावी. मग ते हळूहळू मागेपुढे कलवा. चांगली धार अशी पाहिली तर दिसतच नाही. जिथे पांढरी रेघ चमकते तिथे कड झिजून गोल झाली आहे, आणि जिथे एखादा ठिपका लुकलुकतो तिथे दात पडला आहे. साधन कोणतं घ्यायचं ते या रेघेवरून ठरवा. रेघ केसासारखी बारीक असेल तर दगड पुरे. ती ठसठशीत दिसत असेल किंवा बरेच दात पडले असतील तर कानस. दोन-तीन मिलिमीटरचा तुकडाच उडाला असेल, तरच ग्राइंडर किंवा लोहार.

प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी उलटं चालतं. सोसायटीच्या बागेतला कोयता बोथट झाला की कुणीतरी चार इंची ग्राइंडर काढतं, दोन मिनिटं ठिणग्या उडतात, पातं चकचकीत होतं आणि आठवड्याभरात तोच कोयता पुन्हा नारळाच्या सोडणावर घसरायला लागतो. म्हणून खरेदीच करायची असेल तर पहिले पैसे एका चांगल्या कानशीवर आणि दोन बाजूंच्या दगडावर घाला. घरातली आणि बागेतली बहुतेक सगळी हत्यारं एवढ्यात सांभाळली जातात.

आधी लोखंडाचा अंदाज

कानशीचा कोपरा धारेच्या जवळ, दिसणार नाही अशा जागी हलकेच फिरवा. ती दात रोवून कीस काढत असेल तर हत्यार कानशीने होईल. काचेवरून गेल्यासारखी घसरली तर लोखंड कानशीइतकंच कडक आहे, तिथे दगडच लागेल. नव्या कानशीचा कडकपणा रॉकवेल मापावर ६५ च्या आसपास असतो, चांगल्या कुऱ्हाडीचा साधारण ५० ते ५८. सुताराची पटाशी आणि रंध्याचं पातं ६० च्या घरात जातं, त्यामुळे त्यांच्यावर कानस चालवली तर कानशीचेच दात जातात.

आपल्याकडचे पुष्कळ कोयते ट्रकच्या पाट्याच्या लोखंडातून घडवलेले असतात. हे लोखंड धार धरायला फार चांगलं, आणि लोहाराने पाणी नीट दिलं असेल, म्हणजे तापवून नीट विझवलं असेल, तर कानस त्यावर जेमतेम चालते. कीस निघतो, पण जोर लागतो. हीच चांगल्या कोयत्याची खूण. बाजारात हातात घेतलेल्या कोयत्यावर कानस लोण्यासारखी चालत असेल तर तो घेऊ नका.

कानशीचं काम

कुऱ्हाडीसाठी दहा इंची चपटी कानस घ्या. एकेरी दातांची कानस सफाईदार कापते, दुहेरी दातांची भराभर कापते पण ओरखडे सोडते. दुकानात ‘सेकंड कट’, म्हणजे मध्यम बारीक दातांची, मागा. धारेला दात खूप पडले असतील तरच ‘बास्टर्ड’, म्हणजे जाड दातांची. मूठ बसवल्याशिवाय कानस हातात धरू नका. उघडं टोक तळहातात शिरण्याचे अपघात धारेच्या अपघातांइतकेच वाईट असतात.

कुऱ्हाड हलता कामा नये. व्हाइस नसेल तर जाड फळी आणि चार इंची सी-क्लॅम्प पुरतो: कुऱ्हाडीचं डोकं फळीवर आडवं ठेवा, धार फळीबाहेर दोन इंच येऊ द्या आणि नेढ्याजवळ क्लॅम्प आवळा. आता मार्कर पेनने धारेच्या उतारावर दोन्हीकडे काळा पट्टा मारा. कानशीचे दोन हात मारून शाई कुठली गेली ते बघा. शाई मागच्या बाजूची गेली तर कानस फार आडवी आहे. फक्त टोकाची गेली तर फार उभी आहे. कोन मोजायचं याहून सोपं साधन नाही, आणि कितीही सराव झाला तरी ते सोडू नये.

कोन किती हवा? फांद्या तोडायच्या कुऱ्हाडीला दोन्ही बाजू मिळून ३० अंश, लाकूड फोडायच्या कुऱ्हाडीला ४० अंशांच्या आसपास. अंश मोजत बसू नका, जाडी मोजा. धारेपासून १० मिलिमीटर मागे पात्याची जाडी ५ मिलिमीटर भरली की साधारण ३० अंश झाले, ७ मिलिमीटर भरली की ४० च्या जवळ पोचलात. शाळेतली पट्टी आणि दोन पुठ्ठ्यांची चिमटी असली की हे माप घेता येतं.

कानस फक्त पुढे जाताना कापते. मागे आणताना उचला. घासत मागे आणली की दात बोथट होतात, आणि नवी कानस एका पावसाळ्यात निकामी होते ती यामुळेच. हात मारताना कानस पात्याच्या गालाकडून धारेबाहेर न्या. धारेवरून आत ढकलली तर काम अधिक स्वच्छ होतं, पण हात निसटला तर बोटं थेट धारेवर जातात. सराव होईपर्यंत बाहेरचीच दिशा ठेवा आणि चामड्याचा हातमोजा घाला. एका बाजूला पंधरा-वीस लांब, संथ हात मारा. नखाने पलीकडची बाजू धारेकडे ओढून बघा: संपूर्ण लांबीभर बारीक खरखरीत कड अडकली पाहिजे. कारखान्यातले लोक तिला ‘बर’ म्हणतात. जिथे बर नाही तिथे कानस अजून धारेपर्यंत पोचलेलीच नाही. बर सगळीकडे आली की मगच बाजू बदला.

दातांत कीस अडकला तर तो कण पुढच्या हाताला पात्यावर खोल ओरखडा काढतो. कानशीवर आधी पांढरा खडू घासून घ्या, कीस अडकत नाही. तरी अडकलाच तर तारेच्या ब्रशने दातांच्या दिशेने झाडा.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, हात मधल्या भागावरच जास्त फिरतो आणि कुऱ्हाडीची गोलाई मध्ये सपाट होते. अशी कुऱ्हाड लाकडात रुतत नाही, आपटते. म्हणून दोन्ही टोकांना दोन-दोन हात जास्त मारा. जमिनीवर आदळून खालचा कोपरा झिजलेला असेल तर बाकीची गोलाई त्याला जुळवत आणा. दुसरी चूक दिसायला वर्षं लागतात: दर वेळी फक्त धारच घासली की पातं मागे सरकत जाड होतं. धार केस कापेल इतकी तीक्ष्ण, पण कुऱ्हाड लाकडात जात नाही, ती म्हणूनच. तीन-चार वेळा धार काढली की एकदा धारेच्या मागचा इंचभर गालही कानशीने उतरवायचा.

दगड

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काळपट-करडा दोन बाजूंचा दगड सिलिकॉन कार्बाइडचा असतो, त्यालाच आपण कार्बोरंडमचा दगड म्हणतो. ८ इंच लांब, २ इंच रुंद, १ इंच जाड हे माप घ्या. एक बाजू १२० नंबरच्या आसपास, दुसरी २४०; नंबर जितका मोठा तितका दगड बारीक. सुरीसाठी याच्या जोडीला १००० नंबरचा बारीक दगड असला तर स्वयंपाकघराचं काम संपलं. त्यापुढचे ३००० आणि ६००० नंबर पटाशी आणि रंध्यासाठी. भाजीच्या सुरीला ते नकोत, कारण टोमॅटोच्या सालीला किंचित खरबरीत धारच पकडते.

दगडाला पाणी वापरायचं की तेल, हे पहिल्याच दिवशी ठरवा. एकदा तेल मुरलं की त्यावर पाणी ठरत नाही. घरात पाणी सोयीचं. दगड बादलीत दहा मिनिटं बुडवा, बुडबुडे थांबले की बाहेर काढा. घासताना वर जो राखाडी चिखल येतो तो धुऊन टाकायची घाई करू नका, कापायचं काम तोही करतो. फक्त दगड कोरडा पडू देऊ नका.

सुरी एका बाजूला १५ ते २० अंशांवर धरतात. पातं ४० मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून १० मिलिमीटर वर उचलली की १५ अंश होतात, १४ मिलिमीटर उचलली की २०. खरबरीत बाजूवर बर येईपर्यंत जोर द्या, बारीक बाजूवर मात्र हाताचं वजन पुरे. शेवटी बाजू बदलत एकेक हात मारा, दर वेळी आधीपेक्षा हलका. बर पुरती निघाली नाही तर सुरी पहिल्या दिवशी झकास कापते आणि दुसऱ्या दिवशी बोथट होते: बर मोडून पडते आणि तिच्यासोबत धारही जाते. वर्तमानपत्राचा कागद उभा धरून कापा. सुरी कुठे अडकली तर तिथे बर राहिली आहे.

कानशीनंतर कुऱ्हाडीलाही दगड हवाच. कुऱ्हाड तशीच क्लॅम्पमध्ये ठेवून दगड हातात घ्या आणि छोटी वर्तुळं काढत धारेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जा. बोटं दगडाच्या वरच्या कडेखाली उतरू देऊ नका. मोडलेल्या दगडाचा अर्धा तुकडा या कामाला उत्तम.

वापरून दगड मध्ये खोलगट होतो आणि मग कोन राहत नाही. सपाट टाइलवर ८० नंबरचा वॉटर पेपर ओला करून चिकटवा आणि दगड त्यावर घासा. आधी दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला.

विळी, विळा, खोवणी

आतून वळलेल्या कडेला सपाट दगड पोचत नाही, दोन टोकांवर टेकतो आणि मधली धार तशीच राहते. अर्धगोल कानशीची गोल बाजू वापरा, किंवा बोटभर जाड गोल काठीला २४० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळा. विळीचं पातं पाटावरून स्क्रू काढून सोडवता येत असेल तर सोडवूनच घ्या. जमत नसेल तर पाट क्लॅम्पने पक्का करा. गुडघ्याखाली पाट दाबून उघड्या पात्याजवळ जोर लावणं फार धोक्याचं. आधी धार एका बाजूने उतरलेली आहे की दोन्ही, ते नखाने पाहा. एका बाजूची असेल तर उतारावरच घासा, सपाट बाजूवर फक्त बर काढण्यापुरता एखादा हात.

खोवणीचे दात बारीक तिकोनी कानशीने एकेक करून होतात, प्रत्येक खाचेत दोन-तीन हात. भातकापणीच्या दातेरी विळ्यालाही हाच न्याय. त्याच्या दातांवरून दगड फिरवला की दातच जातात.

नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या किंवा ठाण्याच्या मासळीबाजारात कोयता दिवसभर खाऱ्या पाण्यात आणि काट्यांवर चालतो. तिथे धार थोडी जाड, एका बाजूला २२ अंशांच्या आसपास ठेवतात. कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा अर्ध्यात दुमडा, साडेबावीस अंश हातात आले. सुरीइतकी पातळ धार सुरमईच्या मणक्यावर लगेच दात टाकते.

ग्राइंडर कधी

पोलादाला दिलेलं पाणी उष्णतेने उतरतं, आणि घासताना पात्यावर येणारा रंग त्याचं माप सांगतो. २२० ते २३० अंश सेल्सिअसला फिकट गवती, २७० ते २८० ला जांभळट, ३०० च्या आसपास निळा. धार पातळ असल्याने ती सगळ्यात आधी तापते. सायकलवर चाक लावून येणाऱ्या धारवाल्याकडे साधी कात्री आणि स्वस्त स्टीलची सुरी बेधडक द्या, पण कोयता देताना शेजारी पाण्याचा डबा ठेवा आणि दर दोन-तीन सेकंदांनी बुडवायला सांगा. धारेवर निळी झाक आलीच तर तेवढा भाग कानशीने पूर्ण काढावा लागतो. बाहेरून निळा रंग पुसला म्हणून आतलं लोखंड पुन्हा कडक होत नाही.

बेंच ग्राइंडरला पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइडचं व्हील लावा, ४६ किंवा ६० नंबरचं. हे बनावटी कुरुंदच, आणि करड्या व्हीलपेक्षा ते थंड कापतं. व्हील गुळगुळीत होऊन चमकायला लागलं की ते कापत नाही, फक्त तापवतं, ड्रेसरने, म्हणजे व्हील खरवडायच्या हत्याराने, त्याचा थर उतरवा. टेकू आणि व्हील यांच्यातली फट ३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, पातं आत ओढलं जातं.

चार इंची अँगल ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. त्यावर ८० किंवा १२० नंबरची फ्लॅप डिस्क लावा आणि डिस्कचा फेरा धारेबाहेर जाईल अशी धरा, धारेवर येईल अशी नाही. कटिंगच्या पातळ डिस्कच्या बाजूने कधीही घासू नका, ती फुटून अंगावर येते. चष्मा घातल्याशिवाय स्विचला हात लावू नका.

तुकडा उडालेला जाड कोयता घासत बसण्यापेक्षा लोहाराकडून शेवटून आणावा. तो कड तापवून ठोकून पातळ करतो आणि नव्याने पाणी देतो, त्यामुळे लोखंड वाया जात नाही. घरी आणल्यावर शेवटची धार दगडावर आपणच लावायची.

गंज

खाडीच्या खाऱ्या हवेत आणि जून ते सप्टेंबरच्या दमटपणात रात्रभर ओलं राहिलेलं पातं सकाळी तांबूस होतं, आणि गंज पहिल्यांदा धारच खातो. गोड्या पाण्याने धुवा, पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब फडक्यावर घेऊन फिरवा. मोहरीचं तेल वाळून चिकट होतं, ते टाळा. चामड्याची म्यान ओल धरून ठेवते, म्हणून पावसाळ्यात धारेवर उभी चिरलेली पीव्हीसी पाइप किंवा सायकलची जुनी ट्यूब चढवा. धार लावायला किंवा बागेत नेतानाही ते आवरण काढू नका. दांडा सैल झाला तर डोकं पाण्यात भिजवून ठेवण्याने दोन दिवस घट्ट वाटतो आणि वाळला की आधीपेक्षा सैल होतो. नवी पाचर ठोका.

शहरात उभं झाड किंवा फांदी तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, वादळात पडलेली फांदी उचलण्याआधीही वॉर्ड ऑफिसला विचारून घ्या.

खंडेनवमीला हत्यारं पूजेला निघतात, तेव्हा हळद-कुंकू वाहण्याआधी प्रत्येक पात्यावरून कोरडं फडकं फिरवा. फडक्यावर तांबूस डाग उमटला तर ते पातं बाजूला काढा, आणि पूजा झाल्यावर पूजेचं ओलं गंध रात्रभर लोखंडावर राहू देऊ नका.