जुन्या एम्प्लॉयीनं बीजीव्हीवरून, म्हणजे जुन्या नोकरीच्या पडताळणीवरून, भांडण काढलं तर काय करायचं

"मॅडम, तुमच्या मेलमुळे माझी ऑफर गेली." चाकणच्या एका छोट्या कंपनीत मी एचआर बघायला लागून दोनच वर्षं झाली होती तेव्हा हा फोन आला. मुलगा आमच्याकडे क्वालिटीला होता, वडील आयसीयूत म्हणून गावी गेला तो परत आलाच नाही, आणि पुढच्या कंपनीचा बीजीव्हीचा (बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा) फॉर्म आला तेव्हा मी नुसतं मस्टर बघून 'ॲबस्कॉन्डिंग', म्हणजे न कळवता निघून गेला, असं लिहून मोकळी झाले. नंतर कळलं की त्यानं सुपरवायझरला व्हॉट्सॲपवर राजीनामा पाठवला होता, तो माझ्यापर्यंत आलाच नव्हता. सुधारून मेल केला, पण तोवर ती जागा भरली होती. अजून वाईट वाटतं. म्हणून जिथं एचआर म्हणजे एकच माणूस असतो अशांसाठी हे लिहितेय.

फोन आला की आधी पूर्ण ऐकून घ्या. समोरचा चिडलेला असतो, ईएमआय चालू असतो, घरी ऑफरचे पेढे वाटून झालेले असतात. फोनवर वाद घालू नका आणि फाइल न बघता काही कबूलही करू नका, "रिपोर्टमधलं जे चुकीचं वाटतंय ते मेल करा, तीन दिवसांत लेखी उत्तर देते" एवढं सांगा, आणि तीन दिवसांत खरंच द्या.

मग फाइल काढा, अपॉइंटमेंट लेटर, राजीनाम्याचा मेल, रिलीव्हिंग लेटर, शेवटची सॅलरी स्लिप, एफ अँड एफची (फुल अँड फायनल, म्हणजे शेवटच्या हिशेबाची) शीट. पीएफमधली एक्झिट डेट पण बघा, कारण आपण ती टाकली नाही तर नोकरी सोडून दोन महिने झाल्यावर माणूस स्वतःच्या यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) लॉगिनमधून ती टाकू शकतो आणि मग ती रिलीव्हिंग लेटरशी जुळत नाही. असा घोळ असेल तर तारखेबद्दल एक साधं खुलाशाचं पत्र द्या, तेवढ्यावर बऱ्याचदा मिटतं.

'ॲबस्कॉन्डिंग' हा शब्द मात्र जपून. कामावर हजर व्हा म्हणून घरच्या पत्त्यावर पोस्टानं पत्रं पाठवली होती का, मुदत दिली होती का, त्याची पोच फाइलला आहे का? नसेल तर "शेवटचा कामाचा दिवस अमुक, राजीनामा रेकॉर्डवर नाही" एवढंच लिहा. आणि रेकॉर्ड म्हणताना सुपरवायझरचा फोनसुद्धा बघायचा, हे मी त्या मुलाकडून शिकले.

नोटीस पिरियडचे पैसे राहिलेत म्हणून खराब रिपोर्ट देणारे मालक असतात. अपॉइंटमेंट लेटरमध्ये रिकव्हरी लिहिली असेल तर ती एफ अँड एफमध्ये दाखवा, त्याचा राग बीजीव्हीवर काढू नका. उलट 2019 च्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत पगार चुकता करायचा आहे, ग्रॅच्युइटी लागू असेल तर ती तिच्या वेगळ्या नियमानं 30 दिवसांत, म्हणजे तो लेबर ऑफिसला गेला तर आपलीच बाजू लंगडी पडते.

चूक आपली निघाली तर त्याच दिवशी बीजीव्ही करणाऱ्या एजन्सीला सुधारित मेल करा, त्याला कॉपीत ठेवा, आणि नवीन कंपनीच्या एचआरला स्वतः फोन करून सांगा, कारण एजन्सीकडून अपडेट पोचेपर्यंत ऑफर निघून जाते. चूक त्याची असेल, म्हणजे सीव्हीत डेझिग्नेशन फुगवलंय किंवा दुसरीच सॅलरी स्लिप लावलीय, तर आपल्याकडची कागदं त्याला दाखवा आणि रिपोर्ट तसाच ठेवा. "प्लीज मॅडम" म्हणून कितीही रडला तरी खोटं कन्फर्म करू नका, तिथं आपली पण नोकरी जाते.

वकिलाची नोटीस आली तर एकही मेल डिलीट करू नका आणि उत्तर वकिलाकडूनच जाऊ द्या. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत 356 आहे, त्यात चांगल्या हेतूनं दिलेल्या माहितीला अपवाद आहे, पण तो हेतू दाखवायला कागद लागतो.

पुढच्या वेळेसाठी एवढं करा: बीजीव्हीला एकाच मेल आयडीवरून एकाच माणसानं उत्तर द्यायचं, कँडिडेटचं संमतीपत्र आल्याशिवाय नाही, फोनवर तर अजिबात नाही. प्रॉडक्शन मॅनेजरला परस्पर फोन गेला तर त्यानं "एचआरला मेल करा" म्हणून ठेवून द्यायचा. आणि फॉर्ममध्ये 'परत घ्याल का' असा रकाना असतो, तो मी आता रिकामाच सोडते.