हेड कोच ऑफेन्सचा घ्यावा की डिफेन्सचा? एनएफएल संघांनो, या चुका टाळा

एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, कोच बदलायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: माणूस ऑफेन्सचा (गुण मिळवणारी बाजू) हवा की डिफेन्सचा (गुण रोखणारी बाजू)? त्याआधी विचारायला हवं की हेड कोच ज्या बाजूचा नाही ती बाजू कोण सांभाळणार, आणि तोच माणूस सोडून गेला तर पुढे काय?

डिफेन्सचा कोच घेणारे संघ नेमके इथेच फसतात. अटलांटा फाल्कन्सचे तेव्हाचे हेड कोच डॅन क्विन डिफेन्सचे. २०१६ मध्ये ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (हेड कोचच्या हाताखाली ऑफेन्स सांभाळणारे) काइल शॅनहॅन यांच्या हाताखाली संघाने लीगमध्ये सर्वाधिक, ५४० गुण केले आणि क्वार्टरबॅक (ऑफेन्स चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) मॅट रायन एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, ठरला. शॅनहॅन सॅन फ्रान्सिस्कोचे हेड कोच झाले. पुढच्या हंगामात क्वार्टरबॅक तोच होता, गुण मात्र ३५३. ऑफेन्स जितका चांगला चालेल तितक्या लवकर त्याचा कोऑर्डिनेटर दुसरा संघ पळवणार, हे धरूनच चालायचं.

म्हणून डिफेन्सच्या उमेदवाराकडून ऑफेन्ससाठी एक नाव घेऊन थांबू नका. त्याच्यानंतर कोण, तो आधीपासून स्टाफमध्ये असेल का, आणि प्ले (पुढची चाल) सांगायची भाषा तीच राहील का, हे लिहून घ्या. क्वार्टरबॅक नवखा असेल तर दरवर्षी नवी भाषा पाठ करण्यातच त्याची उमेद जाते. याची ठोस उत्तरं मिळाली नाहीत, तर नवख्या क्वार्टरबॅकसाठी ऑफेन्सचाच कोच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पण ऑफेन्सच्या उमेदवाराचं पद पाहून भुलू नका. प्ले कोण सांगत होतं ते विचारा. नॅथॅनियल हॅकेट ग्रीन बेचे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होते, पण तिथे प्ले सांगायचे हेड कोच मॅट लफ्लूर. २०२२ मध्ये हॅकेट डेन्व्हरला हेड कोच झाले. सिएटलमधला पहिलाच सामना, शेवटचं मिनिट, चौथा डाउन (शेवटचा प्रयत्न), अजून ५ यार्ड हवे होते, तिन्ही टाइमआउट शिल्लक. घड्याळ पळत राहिलं, २० सेकंद उरल्यावर टाइमआउट घेतला आणि ६४ यार्डांवरून किक मारायला लावली. ती चुकली, सामना १७-१६ असा गेला. १५ सामन्यांत ४ विजय, आणि नोकरी गेली.

ही उणीव मुलाखतीतच पकडता येते. स्कोअर, डाउन, यार्ड, टाइमआउट सांगून आठ-दहा प्रसंग द्या आणि निर्णय २५ सेकंदांत मागा. प्ले क्लॉक (पुढचा प्ले सुरू करायची मुदत) ४० सेकंदांचं असतं आणि त्यावर १५ उरले की क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधला कोचचा आवाज बंद होतो. उमेदवार स्वतः प्ले सांगणार असेल, तर घड्याळावर कोणाचं लक्ष असेल, तेही नावानिशी विचारा.

शॉन मॅकव्हे २०१७ मध्ये तिशीत रॅम्सचे हेड कोच झाले आणि सगळे तरुण ऑफेन्सवाल्यांमागे धावले. त्यांच्या शेजारी डिफेन्सला जवळपास सत्तरीचे वेड फिलिप्स होते, याचा मात्र विसर पडला.

निवड दोघांतच करायची असंही नाही. जॉन हार्बो वर्षानुवर्षं स्पेशल टीम्सचे (किकच्या वेळी उतरणाऱ्या खेळाडूंचे) कोच होते. त्यांनी बाल्टिमोरला २०१२ च्या हंगामात सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकून दिला.

आणि आपली पद्धत चालणाऱ्या संघावर लादणारा नको. माइक टॉमलिन ४-३ डिफेन्समध्ये (पुढच्या फळीत चार, त्यामागे तीन खेळाडू) तयार झालेले, तरी २००७ मध्ये पिट्सबर्गला आल्यावर त्यांनी तिथले डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर डिक लबो आणि लबो यांचा ३-४ डिफेन्स (पुढे तीन, मागे चार) तसाच ठेवला. दुसऱ्याच हंगामात सुपर बोल आला. उमेदवाराला विचारा: आमच्या आत्ताच्या स्टाफमधले कोण ठेवाल, आणि का?