क्रमचय शिकताना : टपल एकच, अर्थ दोन

नागपुरात बीएस्सी किंवा बीसीए करून मिहानमधल्या किंवा परसोडीच्या आयटी पार्कमधल्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहीत आहे. अकरावीचे पर्म्युटेशन (म्हणजेच क्रमचय, वस्तूंची क्रमवार मांडणी) आणि कॉम्बिनेशन तुम्ही सोडवलेले आहे आणि पायथनमधले टपल, म्हणजे एकदा केल्यावर न बदलणारी क्रमवार यादी, हेही तुम्हाला ठाऊक आहे, असे मी धरून चालतो. त्यामुळे सूत्रे पुन्हा सांगत नाही. हे दोन विषय जिथे एकत्र येतात तिथे काय घडते, एवढेच सांगायचे आहे, कारण मला सर्वाधिक छळले ते त्याच जागेने. आजही क्रमचयाचा कोड लिहायचा म्हटले की मी आधी कागद पुढे ओढतो.

(३, ५) आणि (५, ३) या क्रमित जोड्या वेगळ्या आहेत, हे सर्वांना पटते. टपलमध्ये एकच अंक दोनदा येऊ शकतो आणि क्रमचयात तो येऊ शकत नाही, हे मात्र घाईत निसटते. चार अंकी पिन दहा अंकांतून निवडायचा असेल तर पुनरावृत्तीसह १०,००० पिन होतात आणि पुनरावृत्ती टाळली तर ५,०४० होतात. पायथनच्या इटरटूल्स या मॉड्यूलमध्ये पहिल्यासाठी प्रॉडक्ट वापरावे लागते आणि दुसऱ्यासाठी पर्म्युटेशन्स. ‘क्रम हवा तर पी, नको तर सी’ हे क्लासमधले पाठांतर मला मुळीच आवडत नाही, कारण पुनरावृत्ती चालते का, हा दुसरा प्रश्न ते विचारतच नाही.

आता मूळ सापळ्याकडे वळू. पार्सल पोचवणाऱ्या एखाद्या मुलाच्या यादीत सीताबर्डी, महाल आणि सदर असे तीन थांबे आहेत आणि त्यांचे इंडेक्स ०, १, २ आहेत, असे समजा. तुमच्या हाती (१, २, ०) हा टपल दिला आणि ‘या क्रमचयाने यादी बदला’ असे सांगितले, तर उत्तर काय येईल? टपलमधला अंक ‘कुठून आणायचे’ हे सांगतो असे मानले, तर नव्या यादीच्या पहिल्या जागी जुन्या यादीतला १ इंडेक्सचा थांबा येतो आणि यादी महाल, सदर, सीताबर्डी अशी होते. तोच अंक ‘कुठे पाठवायचे’ हे सांगतो असे मानले, तर सीताबर्डी १ इंडेक्सवर जाते, महाल २ वर जातो, सदर ० वर येतो आणि यादी सदर, सीताबर्डी, महाल अशी होते. टपल तोच, यादी तीच, तरीही उत्तरे दोन, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. टपल केवळ अंकांची रांग साठवतो. ती रांग कोणत्या दिशेने वाचायची, हे त्यात कुठेही लिहिलेले नसते. हे दोन अर्थ एकमेकांचे व्यस्त क्रमचय असतात, म्हणजे एकाने केलेला बदल दुसरा पूर्ववत करतो.

हा सापळा इतका चिवट का आहे, हेही सांगितले पाहिजे. आपण कोड तपासताना सहसा लहान उदाहरण घेतो आणि त्यात दोन वस्तूंची अदलाबदल करून पाहतो. (१, ०, २) घेतले तर दोन्ही अर्थांनी महाल, सीताबर्डी, सदर हीच यादी मिळते, कारण अदलाबदलीचा व्यस्त ती अदलाबदलच असते. तीन वस्तूंच्या ६ क्रमचयांपैकी ४ असे स्वतःचेच व्यस्त असतात, चार वस्तूंच्या २४ पैकी १० आणि पाच वस्तूंच्या १२० पैकी २६. म्हणजे उदाहरण जितके लहान, तितका चुकीचा कोड चाचणीतून सहीसलामत सुटण्याचा संभव अधिक. म्हणून अदलाबदलीवर कोड कधीही तपासू नका. किमान (१, २, ०) सारखे तिघांचे चक्र घ्याच. व्हेरिएबलच्या नावातही ‘कुठून’ किंवा ‘कुठे’ हा अर्थ उतरवा. एकदा ही सवय लागली की अर्धी भीती जाते, हे मी खात्रीने सांगतो.

पायथनच्या नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीतल्या आर्गसॉर्टपाशी हीच गोष्ट नव्या वेषात भेटते. चार जणांचे गुण ७०, ९०, ५०, ८० असतील तर आर्गसॉर्ट २, ०, ३, १ देतो. म्हणजे चढत्या क्रमात आधी कोणाला उचलायचे, ते तो सांगतो. पुष्कळ जण ही रांग प्रत्येकाचे स्थान म्हणून वाचतात. स्थाने तर १, ३, ०, २ आहेत, आणि ती हवी असतील तर पहिल्या उत्तरावर पुन्हा एकदा आर्गसॉर्ट चालवावा लागतो. ‘दोन ओळींचा कोड आहे बे, पाठ करून टाक,’ असे सांगणारे सिनिअर प्रत्येक अभ्यासिकेत भेटतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण दुसऱ्यांदा आर्गसॉर्ट का, हे ज्याला कागदावर दाखवता येत नाही, त्याला मी तरी मार्गदर्शक मानत नाही.

इटरटूल्सचे पर्म्युटेशन्स घटकांकडे मूल्य म्हणून पाहत नाही, जागा म्हणून पाहते. म्हणून दोन सारखी अक्षरे असली की तेच टपल पुन्हा पुन्हा मिळते. मराठीत लिहिणाऱ्यांसाठी याच्याही पुढची अडचण आहे. ‘नागपूर’ या शब्दात आपल्याला चार अक्षरे दिसतात आणि आपण २४ मांडण्यांची अपेक्षा करतो. परंतु पायथन काना आणि ऊकार वेगळे मोजते, लांबी ६ सांगते आणि सुट्या मात्रा भलत्याच व्यंजनांना चिकटवलेल्या ७२० मांडण्या समोर ठेवते. तुमचे सूत्र चुकलेले नाही, घाबरू नका. शब्द आधी ना, ग, पू, र अशा चार तुकड्यांच्या यादीत फोडा आणि मग ती यादी द्या.

आकड्यांच्या वाढीबद्दल मात्र धीर देण्यासारखे काही नाही. भास्कराचार्यांच्या ११५० मधील लीलावतीत अंकपाश प्रकरणात शंभूच्या दहा हातांतली दहा आयुधे अदलून-बदलून धरल्यास किती मूर्तिभेद होतील, असे विचारले आहे आणि उत्तर ३६,२८,८०० आहे. लॅपटॉप एवढे निभावून नेतो. बारा वस्तूंना हाच आकडा ४७,९०,०१,६०० होतो, आणि इतके टपल एकाच यादीत साठवायला गेलात तर मेमरी संपते. १३ चा फॅक्टोरियल (१ ते १३ यांचा गुणाकार) तर ३२ बिटांच्या पूर्णांकात मावतही नाही. एकेक टपल घ्या, तपासा आणि सोडून द्या. पाहिलेल्या मांडण्या लक्षात ठेवायच्याच असतील तर त्या टपल म्हणूनच सेटमध्ये टाका, कारण लिस्ट तिथे चालत नाही.

गणिताच्या पुस्तकाकडून कोडकडे येताना चिन्हांचीही काळजी घ्यावी लागते. पुस्तकातले (१ २ ३) हे चक्र असते, म्हणजे १ चा २, २ चा ३ आणि ३ चा पुन्हा १ होतो. स्वल्पविराम दिलेला (१, २, ३) हा टपल १ पासून मोजणारा क्रमचय म्हणून वाचला तर काहीच हलत नाही. दोन क्रमचयांचा गुणाकार बीजगणिताची बहुतेक पुस्तके उजवीकडून वाचतात, तर सिम्पाय ही पायथनची बीजगणिताची लायब्ररी डावीकडचा क्रमचय आधी लावते आणि मोजणीही शून्यापासून करते. त्यामुळे पुस्तकातले उत्तर सिम्पायवर पडताळताना प्रत्येक अंकातून एक वजा करून गुणाकाराच्या बाजूही उलटून घ्याव्या लागतात.