जुन्या कॉन्टेसाला इंजेक्शनचे इंजिन बसवताना

कॉन्टेसासारख्या जुन्या गाडीत इंजेक्शनचे, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने दाबाखाली पेट्रोल फवारणारे, इंजिन बसवण्यापूर्वी मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरटीओची परवानगी घ्यावी. खरी मेख इंधनपुरवठ्यात आहे: कार्बोरेटरच्या पंपाचा दाब अर्ध्या बारहूनही कमी असतो, इंजेक्टरला मात्र साधारण ३ बार लागतो, म्हणून जुन्या रबरी नळ्या मुळीच ठेवू नयेत. टाकीत पंपाभोवती आडपडदे बसवावेत. नाहीतर टाकी अर्धी रिकामी असताना साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना पेट्रोल मागे सरकते, पंप हवा ओढतो आणि ऐन वळणावर इंजिन झटके खाते, हे मी स्वतः भोगले आहे. वायरिंग इंजिनाबरोबरचेच, न कापलेले घ्यावे. पहिल्यांदा चावी फिरवल्यावर पंपाची घरघर ऐकावी, इंधननळीच्या प्रत्येक जोडावर कोरडे फडके फिरवावे आणि ओल दिसल्यास स्टार्टर मारू नये.