हीट पंप वॉटर हीटर बसवताना पैसे कुठे गळतात: पुण्यातल्या घरांसाठी या चुका टाळा

200 लिटरच्या हीट पंपाचा भाव विचारला की ब्रँड आणि टाकीच्या धातूनुसार साधारण 80 हजार ते दीड लाखाचा आकडा सांगितला जातो. हा झाला नुसत्या यंत्राचा भाव. बसवण्याचा खर्च वेगळा, आणि बसवताना झालेल्या चुकांचा त्याहून वेगळा.

आपल्याला लागतो का, हे न तपासता घेणं

200 लिटर पाणी 25 अंशांवरून 55 अंशांवर न्यायला सुमारे 7 युनिट उष्णता लागते. गिझर तेवढीच वीज घेतो. हीट पंप हवेतली उष्णता ओढून घेत असल्याने एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांचं काम करतो, म्हणजे सव्वादोन-अडीच युनिटांत भागतं. रोज साडेचार युनिट वाचले. ही बचत बिलाच्या सगळ्यात वरच्या स्लॅबमधून कमी होते, त्यामुळे हिशोब सरासरी दराने न करता शेवटच्या स्लॅबच्या दराने करा. तो सगळे आकार धरून 12 रुपये पडत असेल, तर दिवसाला 55 रुपये. उन्हाळ्यात गरम पाणी कमी लागतं, म्हणून वर्षभराचं दोन-तृतीयांश धरा: साडेतेरा हजारांच्या आसपास.

पण हे रोज 200 लिटर गरम पाणी वापरणाऱ्या घराचं गणित झालं. चौघंजण बादलीने अंघोळ करणार असतील, तर 20 लिटरच्या चार बादल्या 24 अंशांवरून 40 अंशांवर न्यायला जेमतेम दीड युनिट लागतं. त्यात वाचणार एक युनिट. लाखभर रुपये या वेगाने वसूल व्हायला पाव शतकाहून जास्त काळ जाईल. अशा घराने चांगला गिझर घ्यावा आणि अंघोळीच्या आधी पंधरा-वीस मिनिटंच लावावा. शॉवर, पाहुण्यांची ये-जा, स्वयंपाकघरातही गरम पाणी आणि पाच-सहा माणसं असतील, तिथेच हीट पंप परवडतो.

गच्चीवर सोलर वॉटर हीटर असेल तर आणखी विचार करा. हीट पंपाला काम उरतं ते पावसाळ्यात आणि ढगाळ दिवसांत. तेवढ्यासाठी सोलरच्या टाकीतला बॅकअप कॉइल बहुधा पुरतो.

ड्राय बाल्कनीत कोंबणं

हीट पंप एका बाजूने हवा घेतो आणि दुसऱ्या बाजूने थंड हवा सोडतो. काचेने बंद केलेल्या ड्राय बाल्कनीत तीच थंड हवा पुन्हा आत खेचली जाते. मग पाणी तापायला अडीच-तीन तासांऐवजी चार-पाच तास लागतात आणि युनिट वाढतात. एक स्लायडर कायम उघडा ठेवायचा किंवा बाहेर पडणाऱ्या हवेला डक्ट लावून ती खिडकीबाहेर सोडायची. कपडे वाळत घालायची दोरी पंख्यासमोर नको. कपड्यांचे धागे कॉइलवर बसतात.

भरलेली 200 लिटरची टाकी यंत्रासह 270 ते 300 किलोंच्या घरात जाते. ती बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला ठेवू नका. भिंतीलगत, शक्यतो बीमजवळ ठेवा, आणि जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी विचारा. सोसायटीची लेखी परवानगीही यंत्र येण्याआधीच घ्या. कंप्रेसरचा आवाज फार नसतो, पण शेजाऱ्यांच्या बेडरूमच्या भिंतीला टेकलेलं यंत्र रात्री जाणवतं. पायांखाली रबर पॅड हवेतच.

प्लंबिंगमध्ये वाचवलेले पैसे

सगळ्यात जास्त बिघाड इथे होतात, आणि कोटेशनमध्ये ‘प्लंबिंग प्रत्यक्ष खर्चानुसार’ असं मोघम लिहिलेलं असतं ते याच भागासाठी. पुढच्या वस्तू नावानिशी लिहून घ्या: थंड पाण्याच्या इनलेटला बॉल व्हॉल्व्ह आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा), टाकीवर तापमान-दाब सेफ्टी व्हॉल्व्ह, त्याची ड्रेन लाइन, कंडेन्सेटची (थंड कॉइलवर हवेतल्या ओलाव्याचं जमणारं पाणी) वेगळी ड्रेन लाइन, गरज असल्यास प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह आणि गरम लाइनचं इन्सुलेशन. कोअर कटिंग (पाइपसाठी भिंतीला भोक पाडणं) आणि टाइल्सची दुरुस्ती कोण करणार, हेही. आणि आकडा जीएसटी धरून आहे की सोडून?

दाबाचं गणित सोपं आहे. 10 मीटर उंचीला एक बार दाब (बार हे दाबाचं एकक). गच्चीवरच्या टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर तो अर्धा बारही नसतो, तर बारा मजली इमारतीत तळाला साडेतीन बारच्या वर जातो. खालच्या मजल्यावर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह नसला आणि दाब सेफ्टी व्हॉल्व्हच्या मर्यादेपलीकडे गेला, तर तो सतत गळतो. तो गळतो म्हणून प्लंबरला प्लग मारू देऊ नका. 200 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर जाताना जवळजवळ तीन लिटरने फुगतं. मागे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असल्याने त्याला दुसरी वाट नसते, आणि प्लग मारला की तो दाब टाकीवर येतो. तापताना थोडं टपकणं हे व्हॉल्व्हचं कामच आहे. रात्रंदिवस धार लागली तर मात्र दाब मोजा.

गरम लाइनला साधा पीव्हीसी चालत नाही. सीपीव्हीसी किंवा कंपोझिट पाइप घ्या. लांबीही बघा. पाऊण इंची पाइपमध्ये मीटरला पाव लिटर पाणी मावतं, म्हणजे 16 मीटरवरच्या बाथरूममध्ये गरम पाणी येण्याआधी चार लिटर वाया. त्यावर इलाज म्हणून फिरता पंप (लाइनमधलं गरम पाणी टाकीकडे फिरवत ठेवणारा) बसवला आणि टायमर लावला नाही, तर तो रात्रभर पाइप तापवत बसतो आणि बचत धुऊन काढतो. गच्चीवरच्या फोम इन्सुलेशनवर ॲल्युमिनियमचं आवरण हवं, नाहीतर उन्हाने त्याचा लवकरच भुगा होतो.

स्प्लिट प्रकारात (यंत्र आणि टाकी वेगवेगळी असतात) तांब्याच्या नळ्या जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावायलाच हवा. गॅस सोडून हवा ढकलून देण्याचा शॉर्टकट घेतला की आत ओलावा राहतो आणि कंप्रेसरचं आयुष्य घटतं.

बोअर आणि टँकरचं पाणी

उपनगरांत पालिकेच्या पाण्यात बोअर-टँकरचं पाणी मिसळतं. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा) दाखवून कोणी ‘पाणी ठीक आहे’ म्हणालं तर ऐकू नका. क्षारांची खपली धरते ती कठीणपणामुळे, आणि तो वेगळा तपासावा लागतो. वॉरंटी कार्डावर कठीणपणाची मर्यादा छापलेली असते. ती यंत्र घेण्याआधी वाचा. ग्लास-लाइन्ड (आतून काचेचा लेप असलेल्या) टाकीतला मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड, म्हणजे टाकीऐवजी स्वतः झिजणारी कांडी, पहिल्या वर्षाअखेर काढून बघा. बराच झिजला असेल तर बदला, कारण तो संपल्यावर गंज टाकीला धरतो. सॉफ्टनर लावला असेल तर ॲनोड आणखी लवकर झिजू शकतो, म्हणून तपासणी लांबवू नका.

बिल कमी झालं नाही?

आधी मोड बघा. बहुतेक यंत्रांत दीड-दोन किलोवॅटचा हीटिंग एलिमेंट असतो. घाईत कोणी ‘बूस्ट’ दाबलं आणि तसंच राहिलं, की लाखाचा गिझर चालू आहे असं समजा. तापमान 50 ते 55 पुरे. जंतू मारण्यासाठी आठवड्यातून एकदा 60 च्या वर न्या. अनेक यंत्रांत ही सोय आपोआप असते. टायमर दुपारी 12 ते 4 ठेवा. पुण्यात डिसेंबरची पहाट 10-12 अंशांवर जाते आणि दुपार 30 च्या आसपास असते. तीच टाकी दुपारी कमी विजेत तापते आणि सकाळपर्यंत गरम राहते. बिलात वेळेनुसार दर असतील तर दिवसाची सवलत मिळते का, तेही पाहा.

पाणी कोमट येतंय?

यंत्राला दोष देण्याआधी एक चाचणी करा. हीट पंपाचा इनलेट व्हॉल्व्ह बंद करा आणि कुठलाही गरम नळ उघडा. दोन-तीन मिनिटांनंतरही धार चालूच राहिली, तर एखाद्या मिक्सरमधून किंवा डायव्हर्टरमधून (नळ-शॉवर बदलणारा) थंड पाणी गरम लाइनमध्ये घुसतंय. प्रेशर पंप फक्त थंड लाइनवर बसवलेल्या घरात हे हमखास होतं, कारण जास्त दाबाचं थंड पाणी गरमला मागे रेटतं. पंप अशा जागी घ्या की दोन्ही लाइनना सारखा दाब मिळेल, आणि मिक्सरचं कार्ट्रिज बदला.

धार बंद झाली आणि पाणी तरी कोमटच असेल, तर फिल्टर व कॉइल धुऊन घ्या, मग हवेची वाट मोकळी आहे का बघा. एलिमेंट चालू झाल्यावरच आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) ट्रिप होत असेल तर बहुधा एलिमेंटमधून वीज गळते आहे. तो बदलेपर्यंत एलिमेंट बंद ठेवून नुसता कंप्रेसर चालवता येतो. त्यावरही ट्रिप झालं तर यंत्र बंद करून अर्थिंगसकट सगळी लाइन इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आरसीसीबी काढून थेट जोडून देतो म्हणणाऱ्याला परत पाठवा.