बार एंड मिरर लावताय? या चुका टाळा, आणि सगळ्यात आधी उजवी बाजू बघा

हल्ली संध्याकाळी नाशिकला कॉलेज रोड, गंगापूर रोडला लागलेल्या बाइक बघा, बऱ्याच हँडलच्या टोकाला गोल आरसे दिसतील. आरसे चांगलेच आहेत ते, कारण मूळ आरशात निम्मं आपलंच कोपर आणि खांदा दिसत असतो, आरसा टोकाला गेला की मागचा रस्ता मोकळा दिसतो. पण लावताना लोक आरसा गाडीवर कसा दिसतोय तेवढंच बघतात, हँडलच्या टोकाला काय काय बसवलेलं असतं ते कुणी बघत नाही. उजव्या टोकाला रेस असते. बाकीच्या चुकांत पैसे जातात, या एका चुकीत जीव जाऊ शकतो, म्हणून आधी तीच.

डावी ग्रिप हँडलवर घट्ट चिकटलेली असते, ती फिरत नाही. उजवी ग्रिप एका प्लास्टिकच्या नळीवर असते आणि ती नळी हँडलवर मोकळी फिरते, आपण रेस देतो म्हणजे ही नळी फिरवतो. आता आरशाची कॉलर किंवा क्लॅम्प ग्रिपला अगदी चिकटवून टाइट केला, दिसायला छान दिसतो म्हणून, की नळी घासायला लागते. रेस देताना हाताचा जोर असतो त्यामुळे ते कळतच नाही, पण सोडल्यावर नळीला परत आणायला नुसती स्प्रिंग असते आणि तिचा जोर पुरत नाही. गाडी रेसमध्येच राहते. माझ्या ओळखीतल्या एकाची, अंबडला कंपनीत जातो तो, सकाळच्या शिफ्टच्या गर्दीत अशीच रेस अडकली, पुढे रिक्षा, क्लच दाबून किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) मारला म्हणून निभावलं. नंतर आरसा खोलला तर ग्रिपच्या रबराची कड कॉलरखाली दबून चपटी झालेली आणि आत रबराचा काळा भुगा साचलेला, म्हणजे बरेच दिवस घासत होतं ते. दुकानात आरसा लावून देताना रेस सोडून बघायला दोन सेकंद लागले असते.

ग्रिप आणि आरशाच्या मध्ये एक ते दोन मिलिमीटर फट पाहिजे. मोजायला काही नसेल तर दोन जुनी एटीएम कार्डं एकावर एक धरून त्या फटीत घाला, सहज गेली पाहिजेत. मग गाडी बंद ठेवून रेस पूर्ण पिळा आणि हात सोडून द्या, टक् करून स्वतःहून परत आली पाहिजे, हळूहळू सरकत आली तरी ते नापास समजा. हेच हँडल पूर्ण डावीकडे वळवून आणि पूर्ण उजवीकडे वळवून परत करा. त्यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये चालू करून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, आवाज वाढला तर कुठेतरी केबल ताणली जातेय. राइड बाय वायरवाल्यांनी आपल्याला केबलच नाही म्हणून हे सोडू नका, फिरणारी ग्रिप तुमचीही तशीच आहे.

याच बाजूची दुसरी भानगड म्हणजे ग्रिपचं बंद टोक. बऱ्याच गाड्यांची ग्रिप टोकाला बंद असते, ती कापावी लागते, आणि काहींची आतली प्लास्टिकची नळीसुद्धा बंद असते. नवं ब्लेड घ्या, हँडलच्या कडेला धरून गोल फिरवत सरळ कापा. जुन्या ब्लेडने ओढून कापलं की रबराची चिंधी लोंबत राहते आणि तीच नंतर नळी आणि आरशाच्या मध्ये जाऊन बसते.

मापं न घेता ऑर्डर करणं

‘सगळ्या गाड्यांना बसतो’ असं लिहिलेलं असलं तरी विश्वास ठेवू नका. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचं हँडल ग्रिपच्या जागी बाहेरून 22 मिलिमीटर असतं, त्यामुळे बाहेरून पकडणारा क्लॅम्पवाला आरसा बहुधा बसतो, पण त्याला ग्रिपच्या बाहेर हँडलची थोडी मोकळी जागा लागते आणि ती नसते. मग लोक ग्रिप आत सरकवतात, स्विच आत सरकवतात, आणि सगळं गर्दी करून बसतं. आत घुसून फुगणारा आरसा असेल तर आतलं माप लागतं, ते साधारण 13 पासून 18 मिलिमीटरपर्यंत काहीही असू शकतं, पत्रा जाड की पातळ त्यावर. आधी हँडलच्या टोकाला बसवलेलं धातूचं वजन काढा, आत टॉर्च मारा, व्हर्निअरने मोजा. आत मोकळी नळी आहे, की आटे पाडलेला नट वेल्ड केलाय, की रबरात बसवलेलं आणखी एक वजन आहे, हे कळल्याशिवाय ऑर्डर करू नका. माप थोडंफार जमत नसेल तर सातपूर किंवा अंबडला एखाद्या लेथवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमचं बुश, म्हणजे फट भरणारी नळी, करून घ्या, किरकोळ काम आहे. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायचा जुगाड मात्र नको, रबर दबत जातं, उन्हात आणखी मऊ होतं आणि हायवेला वाऱ्याने आरसा खाली तोंड करतो.

टोकाचं वजन काढतानाही बरेच जण फसतात. ते धरणारा स्क्रू कंपनीतूनच लॉकटाइट, म्हणजे आटे सैल होऊ नयेत म्हणून लावतात तो गोंद, लावून आलेला असतो. स्टारवाला स्क्रू असेल आणि साध्या ड्रायव्हरने जोर केला तर डोकं मरतं, मग ड्रिल करण्याशिवाय मार्ग नाही. हेअर ड्रायरने चांगलं गरम करा, मापाचा ड्रायव्हर किंवा एलन की पूर्ण आत बसवा, खिळतोय असं वाटलं तर इम्पॅक्ट ड्रायव्हर मागून आणा. काही गाड्यांत स्क्रू फिरत राहतो पण बाहेर येत नाही, कारण आतलं वजन त्याच्याबरोबर फिरतंय, तेव्हा बाहेरचं वजन हाताने बाहेर ओढून धरत स्क्रू फिरवा, येतो.

आणि ते वजन काढलं की फेकू नका. ते शोभेला नाही, इंजिनची थरथर हातापर्यंत कमी यावी म्हणून ठेवलेलं असतं. सिंगल सिलिंडर गाडीचं वजन काढून हलका आरसा लावला तर तळहात मुंग्या आल्यासारखा होतो, आणि त्याच थरथरीने आरशात मागची ट्रक आहे की बस हेही ओळखू येत नाही. ‘आरसा खराब निघाला’ म्हणणाऱ्या बऱ्याच लोकांची अडचण खरं तर ही असते. शक्यतो मूळ वजन आणि हँडलच्या मध्ये आरशाची पट्टी बसते तो प्रकार घ्या, बोल्ट थोडा लांब लागेल तेवढाच.

टाइट करताना उलटी चूक होते, म्हणजे गरजेपेक्षा जास्त. फुगणाऱ्या प्रकारात बोल्ट फिरवला की आतला कोन ओढला जातो आणि रबर किंवा चिरलेली नळी फुगून हँडलला धरते. आरसा हाताने फिरेनासा झाला की थांबा, त्यापुढे एलन कीला पाइप लावून पिळलं की अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. निळं लॉकटाइट एक थेंब, बस. लाल लावू नका, पुढे कधी काढायचा झाला तर रडवेल. लावून झाल्यावर त्र्यंबकला जाऊन या, एकीकडून साधारण 30 किलोमीटर, आल्यावर प्रत्येक बोल्टला आणि आरशाच्या गोळी जॉइंटला परत एकदा की लावून बघा. पहिल्यांदा थोडं बसतंच ते.

ब्रेक आणि क्लचचा लिव्हर पूर्ण दाबून बघा, टोक आरशाच्या दांड्याला लागतंय का. ब्रेकच्या बाबतीत ही गोष्ट तेवढीच गंभीर आहे, लिव्हर दांड्याला टेकला तर पुढचा ब्रेक अर्धाच लागणार. आरसा हँडलच्या खाली लावणार असाल तर हँडल पूर्ण वळवून गुडघा आणि टाकी दोन्ही बघा, उभी असताना लागत नाही, यू टर्नला लागतं. हँडगार्डवाल्या गाड्यांना हँडगार्ड टोकालाच धरलेलं असेल तर तिथे एक तर हँडगार्ड किंवा आरसा, नाहीतर दोन्ही एकत्र धरणारं खास ब्रॅकेट शोधा.

रुंदी वाढते हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी मेन रोड, रविवार कारंजाला गेल्यावरच जाणवतं. लावण्याआधी आणि नंतर टेप लावून मोजा आणि तो आकडा डोक्यात ठेवा. घडी होणारा आरसा घेतला तर पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीच्या हँडलमध्ये अडकून तुटायचं वाचतं.

जुने आरसे काढल्यावर उरलेली भोकं तशीच ठेवतात. बहुतेक गाड्यांना ती 10 मिलिमीटरच्या आट्यांची असतात, त्यात पावसाचं पाणी साचतं आणि इगतपुरी, त्र्यंबककडे पावसाळ्यात फिरणाऱ्यांचे आटे एका सीझनमध्ये गंजतात. आखूड बोल्ट ग्रीस लावून बसवा किंवा रबरी टोपी घाला. यामाहाच्या बऱ्याच गाड्यांना उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, नेहमीसारखं डावीकडे फिरवून जोर केला तर आरसा आणखी टाइट होत जातो, आणि तिथे बंद करायचा बोल्टही उलट्या आट्यांचाच लागतो. काही गाड्यांत आरशाचा बुंधाच ब्रेकच्या मास्टर सिलिंडरच्या (हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या) क्लॅम्पचा भाग असतो, तो क्लॅम्प सैल झाला असेल तर ‘अप’ खूण वर ठेवून आधी वरचा बोल्ट पूर्ण टाइट करा, मग खालचा.

नियमानुसार मागचं दाखवणारा आरसा गाडीला असायलाच हवा, त्यामुळे जुने काढले आणि नवे कुरिअरमध्ये आहेत म्हणून तेवढे दिवस बिनआरशाची गाडी चालवू नका.

काचेचं एक सांगायचं राहिलं. फुगीर काचेत जास्त रस्ता दिसतो पण मागची गाडी असते त्यापेक्षा लहान आणि लांब दिसते. सपाट काचेची सवय असलेला माणूस कसारा घाटात लेन बदलताना इथेच चुकतो. पहिले काही दिवस आरशात बघितल्यावर मान वळवूनही बघा, आरशातली गाडी आणि खरी गाडी यांचं अंतर डोळ्यांना जुळेपर्यंत. निळ्या काचेने रात्री मागच्या हेडलाइटचा त्रास कमी होतो, पण रात्री बिनलाइटचा सायकलवाला त्यात दिसत नाही, मी साधीच घेईन. सेट करताना गाडी स्टँडवर लावून नाही, तुम्ही स्वतः हेल्मेट घालून नेहमीसारखं बसून करा, क्षितिज आरशाच्या मधोमध आणि आतल्या कडेला कोपराची जेमतेम कड दिसेल एवढं.